राजकीय बातमीत गोरगरिबांचा संताप लिहिताना

कांद्याचा भाव चढला की हेडिंग ठरलेलं असतं: 'गृहिणींचं बजेट कोलमडलं'. भाव पडला की 'बळीराजा हवालदिल'. दोन्ही बातम्या खऱ्याच असतात. पण पहिलीत वाचक स्वतःच्या स्वयंपाकघरातून बोलतो आणि दुसरीत खिडकीतून कोणाकडे तरी बघतो. बातमीतला वर्ग इथे असतो. तो मजकुराच्या शेवटी जोडलेल्या सहानुभूतीच्या ओळीत सापडत नाही.

याची राजकीय किंमत किती मोठी असते ते 2024 मध्ये दिसलं. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं आणि डिसेंबरमध्ये निर्यातबंदी केली. ती बंदी 4 मे 2024 रोजी उठली, तीही टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. 20 मेला नाशिक आणि दिंडोरीत मतदान झालं. महायुतीने दोन्ही जागा गमावल्या आणि मग 'कांद्याने वांदा केला' हे सगळ्यांनीच लिहिलं. हा राग मतमोजणीच्या दिवशी उगवलेला नव्हता. तो नऊ महिने बाजार समितीच्या आवारात उघड बोलला जात होता. राजकीय पानावर मात्र तो 'ग्राहकांना दिलासा' या मथळ्याखाली दबला होता.

असा राग वेळेवर, नेमका आणि भेसळ न करता कसा लिहायचा, याची ही कामचलाऊ पद्धत. फील्डवरच्या वार्ताहराला आणि डेस्कवरच्या उपसंपादकाला, दोघांनाही उपयोगी पडेल.

पट्टी आधी, भावना नंतर

'तुम्हाला काय वाटतं?' हा प्रश्न पहिला विचारू नका. त्याला टीव्हीने शिकवलेलं उत्तर मिळतं: 'सरकारला जाग कधी येणार?' समोरचा माणूस खोटं बोलत नसतो, तुम्हाला हवं असेल तेच तो देत असतो. त्याऐवजी विचारा, 'शेवटची गाडी कधी नेली होती? पट्टी आहे का?' हिशोबपट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब लिहिलेला कागद, खिशात नाहीतर घरी पिशवीत असतेच. तिचा फोटो काढा आणि चार आकडे टिपा: वजन, दर, कपात आणि हाती आलेली रक्कम. कपातीची रक्कम सगळी मिळून लिहू नका. हमाली, तोलाई, गाडीभाडं वेगवेगळं लिहा. कांदा-बटाटा, फळं आणि भाजीपाल्यावरची आडत (बाजारातल्या दलालाचं कमिशन) 2016 पासून शेतकऱ्याच्या माथी मारता येत नाही, ती खरेदीदाराने द्यायची असते. पट्टीवर आडत दिसली, तर ती तुमची दुसरी बातमी.

फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने 512 किलो कांदा विकला. दर किलोला एक रुपया. सगळी कपात जाऊन त्याच्या हाती दोन रुपयांचा चेक आला, तोही पुढच्या तारखेचा. ही बातमी देशभर गेली, कारण तो कागद कोणालाही वाचता येत होता. 'क्रूर थट्टा' आणि 'अश्रू अनावर' हे शब्द काढून टाकले तरी ती बातमी तेवढीच जड राहते. व्यापाऱ्याचं म्हणणंही होतं: माल हलक्या प्रतीचा होता आणि चेक संगणकावरच्या ठरलेल्या पद्धतीने निघाला. असं म्हणणं त्याच दिवशी छापलं, तर बातमी टिकते. वगळलं, तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागतो आणि त्या खुलाशाच्या आडून मूळ प्रश्नच खोटा ठरवला जातो.

पट्टीनंतर बाजार समितीचा त्या दिवसाचा दर घ्या. समिती तीन आकडे देते: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. हेडिंगमध्ये कमाल दर टाकायचा मोह होतो, पण त्या दराने एखाद-दोन वाहनंच विकली गेलेली असतात. बहुतेक माल सर्वसाधारण दराच्या आसपास जातो, तोच वापरा. आवक किती क्विंटल होती आणि माल उन्हाळ होता की लाल, हेही लिहा. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो, वजनात घटतो, सडतो, त्याला मोड येतात. सप्टेंबरमधला चढा दर एप्रिलच्या दराशेजारी नुसता ठेवला, तर शेतकऱ्याने मधल्या काळात सोसलेलं नुकसान हिशेबातून गायब होतं.

उत्पादन खर्च लिहिताना एक खबरदारी घ्या. हमीभावाच्या वादात दोन्ही बाजू 'दीडपट' म्हणतात आणि दोन्ही बाजूंचा पाया वेगळा असतो. सरकार ए-टू अधिक एफएल धरतं, म्हणजे रोखीचा खर्च आणि घरच्या माणसांच्या श्रमाचं मोल. संघटना सी-टू मागतात. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याजही येतं. कोणता खर्च ते न लिहिता 'दीडपट' छापलंत, तर बातमी कोणाच्या तरी बाजूने झुकली आणि ते तुमच्या लक्षातही आलं नाही. कांद्याला हमीभाव नाही, हेही दर वेळी एका ओळीत सांगा. शहरातल्या वाचकाला ते बहुधा माहीत नसतं.

राग नेमका कोणावर

'जनतेत तीव्र संताप' हे वाक्य कॉपीत आलं की थांबा. कोण, कोणावर, कशासाठी, आणि त्याच्याकडून काय हवंय? ही चार उत्तरं वहीत नसतील, तर परत फोन लावा.

ऊसपट्ट्यात हे चटकन कळतं. ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे ऊस गेल्यावर 14 दिवसांत एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायची ठरलेली किमान किंमत) द्यायची असते, थकली तर वर्षाला 15 टक्के व्याज. थकली की सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाचा राग कारखान्याच्या चेअरमनवर असतो. पण तोच चेअरमन त्याच्या पतसंस्थेत असतो, पोराच्या कॉलेजच्या संचालक मंडळात असतो आणि कार्डावर नाव टाकून लग्नाला बोलावलेलाही असतो. म्हणून सभासद 'सरकार' म्हणून बोलतो. वार्ताहराने तेवढंच छापलं, तर राग मुंबईच्या पत्त्यावर जातो आणि कारखाना सुटतो. साखर आयुक्तालयाची थकबाकीची यादी मागवा, त्यात कारखान्याचं नाव आणि रक्कम असते. माणसाला चेअरमनविरुद्ध बोलायला लावण्याची गरज नाही, ते काम यादी करते.

त्याच फडात सभासदाच्या खालीही एक माणूस आहे. बीडकडून आलेली कोयत्याची जोडी (ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं) मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फेडत असते. तिच्या लेखी थकलेल्या एफआरपीपेक्षा टनामागचा तोडणीचा दर मोठा. 'शेतकरी' असा एकच शब्द लिहिला की हे सगळे एकाच पोत्यात जातात. बागायतदार, कोरडवाहूवाला, अल्पभूधारक (एक ते दोन हेक्टर), सीमांत (एक हेक्टरच्या आत), खंडाने करणारा आणि मजूर यांतला कोण बोलतोय ते पहिल्या उल्लेखातच लिहा. तेवढ्याने अर्ध्या चुका टळतात.

मार्च 2018 च्या नाशिक-मुंबई लाँग मार्चचं वार्तांकन या बाबतीत अभ्यासण्यासारखं आहे. सुमारे 180 किलोमीटर चालून आलेल्यांत सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे आदिवासी मोठ्या संख्येने होते. दहावीच्या परीक्षार्थींची अडचण नको म्हणून 12 मार्चला ते पहाटेच्या अंधारातच आझाद मैदानावर पोचले. त्याचं कौतुक झालं. फोड आलेल्या, सोललेल्या तळव्यांचे फोटो सगळीकडे गेले. पण बातमीत मागणी उरली ती प्रामुख्याने 'कर्जमाफी'. वनहक्क कायदा 2006 प्रमाणे कसत्या जमिनीचा हक्क हा त्यांच्या चालण्यामागचा मोठा भाग होता. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याला पीककर्ज कुठलं आणि माफी कशाची? तळव्याच्या फोटोसोबत एक परिच्छेद दाव्यांचा हवा होता: 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा, जास्तीत जास्त चार हेक्टर, दावा ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे. तुमच्या तालुक्यात किती दावे कोणत्या पायरीवर अडलेत, हे उपविभागीय कार्यालयात विचारलं की कळतं. मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज द्या.

जातीच्या भाषेत बोललेला राग वर्गाच्या भाषेत परस्पर फिरवू नका, आणि उलटही करू नका. 9 ऑगस्ट 2016 रोजी औरंगाबादेत पहिला मराठा मूक मोर्चा निघाला. नेत्यांची भाषणं नाहीत, घोषणा नाहीत, निवेदन द्यायला मुली. मग रिकाम्या जागेत स्तंभलेखकांनी आपापला आवाज भरला. कोणाला तो शेतीतल्या अरिष्टाचा उद्रेक वाटला, कोणाला ॲट्रॉसिटी कायद्याविरुद्धचा. निवेदनात कोपर्डीच्या आरोपींना शिक्षा, ॲट्रॉसिटी कायद्यात बदल आणि आरक्षण हे सगळंच होतं. अशा वेळी निवेदन शब्दशः चौकटीत छापा, अर्थ लावायचा असेल तर तो नावानिशी लेखात लावा, आणि त्याच गावातल्या दलित वस्तीत जाऊन त्या कायद्याबद्दल विचारा. हे तिसरं काम बहुधा राहून जातं.

'म्हणाले' आणि 'म्हणाला'

मराठी कॉपीतला वर्गभेद सगळ्यात लख्ख दिसतो तो क्रियापदात. मंत्री 'म्हणाले', शेतकरी 'म्हणाला'. आमदार ताई 'पोचल्या', खुरपणारी बाई 'सांगत होती'. कोणी मुद्दाम करत नाही, हात तसाच चालतो. नियम सोपा ठेवा: नाव घेऊन ज्या प्रौढ माणसाचं म्हणणं छापताय त्याला आदरार्थी बहुवचन, मग तो हमाल असो की राज्यपाल. डेस्कवर पान सोडण्याआधी 'म्हणाला', 'म्हणाली', 'सांगितलं की' हे शब्द शोधून कर्ता कोण आहे ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे. याच फेरीत नेत्याच्या नावापुढचे दादा, साहेब, भाऊही काढा. ते भाषणाच्या अवतरणात चालतात, बातमीच्या वाक्यात नाही.

दुसरा घोळ बोलीचा. गावाकडच्या माणसाचं 'पानी', 'आनि', 'न्हाई' जसंच्या तसं छापलं जातं आणि मंत्र्याच्या तोंडचा तोच 'न' डेस्कवर गुपचूप 'ण' होतो. वाचताना एक अडाणी ठरतो, दुसरा शहाणा. बोली टिकवायची असेल, तर तिची वाक्यरचना, तिचे शब्द आणि म्हणी टिकवा. नागपुरी 'करून राहिले', मराठवाड्यातलं 'लेकरं', सातारकडचं 'वंगाळ' ठेवा. उच्चार मात्र सगळ्यांचे एकाच प्रमाण लेखनात आणा. उच्चारही ठेवायचेच असतील, तर मुख्यमंत्र्यांचेही ठेवा. बघा कोण परवानगी देतं.

नेहमी येणारी कॉपी अशी असते:

'आमचं कोनी ऐकून घेईना सायेब, पानी न्हाई, लाईट न्हाई,' असं पाणावलेल्या डोळ्यांनी ती माउली म्हणाली.

ती अशी करा:

'आमचं कोणी ऐकून घेईना साहेब. पाणी नाही, लाइट नाही,' असं तीन एकर कोरडवाहू कसणाऱ्या (पूर्ण नाव) म्हणाल्या. गावात टँकर (किती) दिवसांआड येतो.

'ती माउली' गेली, तिचं नाव आलं. डोळे गेले, जमीन आली. 'घेईना' राहिलं, कारण त्यातच जोर आहे. अवतरण जुळवताना दोन वेगळ्या ठिकाणची वाक्यं एका चिन्हात कोंबू नका. मोबाइलवर रेकॉर्डिंग करा, आधी सांगून. शिवी आली तर ती छापायची की नाही हे पेपरचं धोरण ठरवेल, पण तिच्या जागी सौम्य शब्द घालून अवतरण म्हणून छापू नका. अवतरणाबाहेर 'त्यांनी शिवी हासडली' एवढं लिहिलं तरी पुरतं.

शब्दांच्या जोड्याही तपासा. गरिबाला मिळालं की 'खैरात' नाहीतर 'रेवडी', कंपनीला मिळालं की 'प्रोत्साहन'. सप्टेंबर 2019 मध्ये देशी कंपन्यांचा मूळ कर 30 वरून 22 टक्क्यांवर आला, तेव्हा 'रेवडी' हा शब्द मथळ्यात फारसा दिसला नाही. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे 1500 रुपये मात्र त्याच शब्दाने ओळखले जातात. दोन्हीकडे 'सवलत' किंवा दोन्हीकडे 'अनुदान' लिहा आणि तिजोरीवरचा बोजा कोटींत द्या. उलट बाजूने होणारी चूकही तेवढीच मोठी आहे: बँकेने उद्योगाचं कर्ज निर्लेखित केलं म्हणजे ते माफ केलं असं लिहिणं. निर्लेखित कर्ज ताळेबंदातून निघतं, वसुलीचा हक्क राहतो. प्रत्यक्षात किती वसूल झालं हा स्वतंत्र आकडा असतो. रागाच्या भरात हा फरक पुसलात, तर अर्थ विभागाचा पहिला माणूस तुमची अख्खी बातमी निकालात काढेल.

नेत्याने मांडलेली गरिबी

2022 च्या सत्तांतरानंतर एकनाथ शिंदे आणि उद्धव ठाकरे यांच्यात रिक्षा विरुद्ध मर्सिडीज अशी जुगलबंदी महाराष्ट्राने ऐकली. जुना रिक्षाचालक असणं हे एका बाजूने हिणवायचं कारण झालं आणि दुसऱ्या बाजूने मिरवायचं पदक. अशा वेळी वार्ताहर दोन्हींची चटकदार वाक्यं शेजारी छापून मोकळा होतो. काम मात्र तिथून पुढे सुरू होतं.

उमेदवाराचं नमुना 26 मधलं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. मागच्या दोन-तीन निवडणुकांची शपथपत्रं उघडून शेजारी ठेवा. फक्त उमेदवाराचा रकाना बघू नका. जोडीदार, अवलंबित आणि हिंदू अविभक्त कुटुंब हे रकाने वेगळे असतात आणि वाढ बऱ्याचदा तिथे दिसते. जमिनीची खरेदी किंमत आणि चालू बाजारमूल्य वेगळं दिलेलं असतं. नुसती भाव वाढल्यामुळे झालेली वाढ आणि नवी खरेदी यांत गल्लत करू नका. दायित्वं वजा करा. गेल्या पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्नही 2019 पासून द्यावं लागतं. मग लिहा: हे एकेकाळी अमुक करत, आज जाहीर मालमत्ता इतकी. विशेषण नको. आणि गरिबीतून वर आलेल्या माणसाच्या इंग्रजीची, शर्टाची, जेवण्याच्या पद्धतीची चेष्टा करणारा स्तंभ आला, तर तो परत पाठवा. त्याच्या निर्णयांवर हवं तेवढं झोडा.

गर्दी

'लाखोंचा जनसागर' हा आयोजकांचा आवाज आहे, तुमचा नाही. रस्त्याची रुंदी गुणिले भरलेली लांबी, एवढं नकाशावर मोजता येतं. चालत्या मोर्चात चौरस मीटरला एक ते दोन माणसं धरा, बसलेल्या सभेत दोन ते तीन, व्यासपीठासमोरच्या रेटारेटीत चार. 15 मीटर रुंदीचा रस्ता एक किलोमीटर भरला असेल, तर चालत्या मोर्चात 15 ते 30 हजार होतात. आयोजक, पोलीस आणि तुमचा हिशेब हे तिन्ही आकडे द्या.

छापण्याआधी

जातिवाचक शिवीचं अवतरण छापू नका. 'जातीवरून अपमान केल्याची तक्रार' एवढं पुरे, कारण ॲट्रॉसिटी कायद्यात तो शब्द सार्वजनिकरीत्या उच्चारणं हाच गुन्ह्याचा गाभा आहे आणि मथळ्यातून तो पुन्हा हजारदा उच्चारला जातो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. दोन समाजांत तेढ पसरवण्यासाठी कलम 196, अफवा आणि चिथावणीखोर मजकुरासाठी 353, बदनामीसाठी 356. निवडणुकीच्या काळात लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 125 ही वर येतं. 'भाषण जसंच्या तसं दिलं' हा बचाव दर वेळी तारत नाही, विशेषतः मथळा तुमचा असेल तर.

ज्याच्या बोलण्यावर बातमी उभी आहे, त्याला छापण्याआधी त्याची वाक्यं फोनवर वाचून दाखवा. संपूर्ण बातमी दाखवायची गरज नाही. आणि 'नाव छापू का?' एवढंच विचारू नका. भरात असलेला माणूस 'छापा की, घाबरतो काय!' असंच म्हणतो. पेपर मुकादम वाचेल का, पुढच्या हंगामाची उचल त्याच्याकडूनच घ्यायची आहे का, मुलगी चेअरमनच्या कॉलेजात आहे का, हे एकेक करून विचारा. मग घरच्यांशी बोलून संध्याकाळी सांगा म्हणा. नाव मागे घेतलं, तर गाव आणि जमिनीचं क्षेत्र दोन्ही एकत्र छापू नका. 300 उंबऱ्यांच्या गावात 'पावणेतीन एकरवाली विधवा' एकच असते.